सुभेदारांच्या परड्यातला खड्डा

भूपाल, तू गेल्यापासून माझे हात जागेवर राहत नाहीत. सकाळी दुकान उघडतो, बाकावर बसतो आणि पाच मिनिटांत उठून समोरच्या शिंप्याच्या भिंतीतला प्लग उघडायला जातो. काल तो म्हणाला, परवाच तर बघून गेलास. मी म्हटलं, परवा उजेड कमी होता.  कापडाचा गठ्ठा बाजूला ओढून त्यानं मला वाट करून दिली. सांगलीतली आपली सगळी गिऱ्हाइकं हल्ली मला अशीच मुकाट्यानं वाट करून देतात. दत्तू वायरमनच्या डोक्यात काहीतरी सैल झालंय असं त्यांना वाटत असणार, आणि ते अगदीच खोटं नाही.

आत सगळं घट्ट असतं. तू बसवलेला एकही प्लग मला ढिला सापडलेला नाही. स्क्रू ज्या अंगानं आवळतो त्याच अंगानं तार वळवलेली, म्हणजे आवळताना ती आत ओढली जाते, बाहेर सरकत नाही. रबर सोलताना तांब्यावर सुरीचा ओरखडा उठलेला नाही. बटण नेमकं जिवंत तारेवर. स्क्रू धरायला भिंतीत बसवलेली लाकडी गिट्टी सागवानी, ठोकून घट्ट केलेली. आणि तिसऱ्या भोकाला ती उघडी तांब्याची तार, जिच्यावरून आपण तीन वर्षं भांडलो. तुझी एक तरी चूक सापडावी म्हणून मी हिंडत होतो, हे आता तुला सांगायला हरकत नाही. एक जरी सापडली असती तर आपली फिट्टंफाट झाली असती.

तू गेलास त्या दिवशी माणसं ओळीनं येऊन म्हणत होती, देवमाणूस होता. मला राग येत होता. देवमाणसाबरोबर रोज काम करावं लागलं असतं तर त्यांना कळलं असतं. चार वाजले की तुझी चुळबुळ सुरू व्हायची. सूर्य बुडायच्या आत जेवायचं म्हणून निम्मी लाकडी पट्टी भिंतीवर लटकत ठेवून तू डबा उघडायचास. घराघरांत दिवे लावणारा माणूस स्वतः दिवेलागणीच्या आत जेवून मोकळा, यावर मी तुझी किती चेष्टा केली असेल. दिव्यावर पाखरं येऊन मरतात याचंही तुला वाईट वाटायचं. मग हा धंदा कशाला धरलास, असं मी एकदा विचारलं. आष्ट्याला लहानपणी कंदील उलथून शेजारचं घर जळताना बघितलंय, त्यापेक्षा पाखरं बरी, असं तू म्हणालास आणि लगेच डबा बांधायला लागलास. तुझं उत्तर तुलाच पटलं नव्हतं.

मी फौजेतून सुटून गावी कुंडलला आलो तेव्हा माझ्या हाताला काम नव्हतं, म्हणून सांगली गाठली. तू ओळख ना पाळख असताना मला दुकानात घेतलंस. फौजेत मी तंबूंमधून तारा ओढायला शिकलो होतो. दोन तारा, दोन गाठी, चल पुढं. लढाई संपली तरी तांबं मिळायची मारामार होती, आणि तू मात्र तिसऱ्या तारेशिवाय प्लग बसवायला तयार नव्हतास. गिऱ्हाईक म्हणायचं, दिवा दोन तारांवर लागतो की, मग तिसरी कशाला? मीही त्यांचीच री ओढायचो. तू बसून प्रत्येकाला तेच पुराण सांगायचास. इस्त्रीच्या नाहीतर शेगडीच्या लोखंडात कधी वीज उतरली तर ती या तारेनं मातीत जाईल, फ्यूज उडेल, घरातल्या बाईच्या अंगातून जाणार नाही. या तारेला रोज काम नसतं, कधीतरी एकदाच असतं, पण त्या वेळी ती हजर पाहिजे. गिऱ्हाईक गेलं की माझ्याकडं वळून म्हणायचास,

“दोन तारा गिऱ्हाइकाच्या, दत्तू. तिसरी आपल्या झोपंची.”

मला तेव्हा झोप उत्तम लागत होती, त्यामुळं मी हसायचो.

तुझ्या त्या खड्ड्यांचं तर काय सांगू. तिसरी तार जिथं मातीत जाते तिथं तांब्याचा पत्रा, भोवती लोणारी कोळसा आणि खडे मीठ. जागा मात्र तू घरातल्या बाईला विचारून ठरवायचास. रोज न चुकता पाणी कुठं पडतं, एवढंच तुला हवं असायचं. पाणी असलं की माती ओली, आणि माती ओली असली तरच वीज तिच्यात शिरते. म्हणून हिंदूंच्या घरी तुझा खड्डा तुळशीच्या पायाशी, तुमच्या जैनांच्या घरी न्हाणीच्या मोरीशी. एका म्हातारीनं तुळशीखाली कोळसे पुरतोस म्हणून तुला अंगणातून हाकललं होतं, तरी दुसऱ्या दिवशी तू परत गेलास आणि तिला समजावून आलास. खणताना गांडूळ निघालं की पहार थांबायची. ते तळहातावर घेऊन तू सावलीला सोडून यायचास. एका खड्ड्याला अर्धा दिवस. मी कडेला बसून विड्या ओढायचो आणि तुला शिव्या घालायचो.

आता साताऱ्याचं सांगतो. इतका वेळ मी त्याच्याभोवतीच घिरट्या घालतोय.

भादव्यात तुमचं दशलक्षण आलं. ते दहा दिवस तू एकदाच जेवायचास आणि गाव सोडत नव्हतास. साताऱ्याच्या एका सुभेदारांच्या घरी एकच काम होतं, तीन भोकांचा एक प्लग. त्यांच्या मुलानं मुंबईहून विजेची इस्त्री पाठवली होती. पहिल्यांदाच तू मला एकट्याला पाठवलंस आणि मोटारतळापर्यंत सोडायला आलास. मोटार हलेपर्यंत खिडकीशी उभा राहून बजावत होतास.

“सांगलीची काळी माती न्हाई ती. दोन फुटावर मुरूम, मग खडक. छन्नी दिलीय, ती वापर. पाच फुटाच्या आत पत्रा टाकायचा न्हाई.”

घरातलं काम मी चांगलं केलं. ते तू बघितलं असतंस तर नाव ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी परड्यात तुळशीपाशी खणायला घेतलं, आणि बरोबर दोन फुटांवर पहार खणकन वाजली. दुपारी माझी मोटार होती. दुसऱ्या दिवशी कुंडलला कुस्त्या होत्या आणि माझा धाकटा भाऊ पहिल्यांदाच मैदानात उतरणार होता. छन्नीची पिशवी मी उघडलीच नाही. पत्रा तिथंच खडकावर ठेवला, वर कोळसा, मीठ, माती. मग तपासायला दिवा लावला. एक तार जिवंत, दुसरी खड्ड्यातली, मध्ये दिवा. तो झगझगीत पेटला तर खड्डा खरा. दिवा लाल झाला, निखाऱ्यासारखा, आणि तसाच राहिला. मी विहिरीवरून दोन घागरी पाणी आणून खड्ड्यात ओतलं. दिवा पेटला. तेव्हाच सुभेदारीणकाकींना हाक मारून दाखवलं. त्यांनी दिव्याला हात जोडले आणि मला वाटेसाठी भाकरी बांधून दिली. ती मी मोटारीत खाल्ली. भाऊ दुसऱ्या दिवशी बघता बघता चीतपट झाला.

परत आलो तर तू दुकानाच्या पायरीवर बसला होतास, उपवासानं तोंड सुकलेलं. किती खाली गेलास, असं विचारलंस. मी म्हटलं, पाच फूट. दिवा? झगझगीत. तू मान हलवलीस आणि माझ्या हातांकडं बघितलंस. माझ्या तळहाताला एक फोड नव्हता. त्या वेळी मला ते सुचलं नाही, आता रोज सुचतं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी तुमची क्षमावाणी. ती पद्धत मला तोवर ठाऊक नव्हती. सकाळी पांढरं धोतर नेसून, हात जोडून तू दुकानात आलास आणि म्हणालास की वर्षभरात जाणता-अजाणता माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा कर. मला अवघडल्यासारखं झालं. तुझं कसलं बोडक्याचं चुकतंय, असं काहीतरी मी म्हटलं. तू हात जोडलेलेच ठेवून थोडा वेळ उभा राहिलास. समोरच्यानंही मागायची असते, हे मला नंतर तुझ्या बायकोकडून, पद्मावहिनींकडून कळलं. कळल्यावरही मी पुढल्या वर्षी मागितली नाही.

पुढच्या वैशाखात तू बाहुबलीला दर्शनाला जातो म्हणून गेलास आणि चार दिवसांनी आलास. दोन्ही तळहात सोललेले, डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. डोंगर हातांवर चढलास काय, असं मी विचारलं. तिथं पायऱ्यांचं काम चाललंय, दगड उचलायला लागलो, असं तू म्हणालास. त्याच आठवड्यात मला छन्नी लागली तर तिची धार पार गेलेली. कुणी वापरली, असं मी ओरडलो, तर तू म्हणालास, मीच, आणि लोहाराकडं घेऊन गेलास. एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, भूपाल. पण ज्याच्या मनात चोर असतो तो स्वतःचंच दार राखत बसतो. माझं तुझ्याकडं लक्षच नव्हतं.

त्या वर्षीच्या क्षमावाणीला तू नेहमीसारखा आलास. नेहमीचं बोलून झालं आणि मग खाली बघत म्हणालास,

“तुझ्याशी एक खोटं बोललोय, दत्तू. त्येची येगळी क्षमा मागतो.”

मी मोठ्यानं हसलो. भूपाल खोटं बोलला, आता कृष्णामाई उलटी वाहणार, असं म्हणालो. काय खोटं बोललास, एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. विचारला असता तर तू सांगितलं असतंस, आणि तुझ्यामागं मलाही सांगावं लागलं असतं. म्हणूनच विचारला नसेल. तू दाराशी गेलास, थांबलास, आणि साताऱ्याला एकदा जाऊन यायचं का, असं सहज विचारल्यासारखं विचारलंस. मी म्हटलं, तिथं काय आहे? त्याच्या पुढच्या वर्षीही तू विचारलंस आणि मीही तेच म्हटलं.

त्या दिवसांत मला उन्हाळा नकोसा व्हायचा. चैत्र लागला की सुभेदारीणकाकी डोळ्यांपुढं यायच्या. वाळलेला मुरूम, हातात इस्त्री, फरशीवर अनवाणी पाय. कुणी साताऱ्याहून आलं की मी तिथल्या चार गोष्टी विचारायचो आणि ज्यासाठी विचारत होतो ते सोडून सगळं कळायचं. आणि तू त्यानंतर एकाही खड्ड्यावर मला एकट्याला सोडलं नाहीस. कडेला येऊन उभा राहायचास. तू आजारी पडायच्या आधीच्या आठवड्यात त्यावरूनच आपलं वाजलं. मला काय शिकाऊ समजतोस का, असं मी विचारलं. तुझा माझ्यावर विश्वास नाही, असंही म्हणालो. तू गांडूळ हातात घेऊन उभा होतास. “हाय की,” एवढंच म्हणालास आणि ते गांडूळ सोडायला निघून गेलास. मग दोन दिवस आपण बोललो नाही, तिसऱ्या दिवशी तुला ताप आला, आणि तापात तू कुणालाच ओळखत नव्हतास. मी उशाशी बसून तीन वेळा सांगायला सुरुवात केली. तिन्ही वेळा वहिनी काढा घेऊन आत आल्या आणि मी उठून बाहेर गेलो.

यंदाचं दशलक्षण लागलं आणि मला दुकानात बसवेना. शहरातले प्लग उघडून काय होणार होतं? मी छन्नी घेतली, पहार घेतली आणि सर्व्हिस मोटारीनं साताऱ्याला गेलो. वाटेत कऱ्हाडला चहा प्यायला उतरलो आणि तसंच परत फिरावं असं वाटलं. काकी जिवंत असतील का, हेच आधी विचारावं लागणार होतं. पण त्याच दार उघडायला आल्या. हात धडधाकट, हातात सूप. मला एकदम इतकं हायसं वाटलं की मी उंबऱ्यावरच बसलो. अर्थिंगचा खड्डा तपासायला आलोय, असं कसंबसं म्हणालो. त्यांनी माझ्या हातातल्या पहारीकडं बघितलं आणि काही न विचारता परड्याचं दार उघडून दिलं.

दिवा लावून बघण्यात अर्थ नव्हता. पावसाळा होता, माती ओली होती, कुठल्याही खड्ड्यावर दिवा पेटला असता. मी सरळ खणायला लागलो. दोन फुटांवर पहार वाजेल म्हणून हात आखडून घाव घालत होतो. पहार वाजली नाही. कोळशात रुतत खाली गेली. मी हातानं माती उपसली. पत्रा नव्हता. तार सरळ खाली गेली होती, आणि चारी बाजूंनी खडक चौकोनी कापलेला होता. कडांवर छन्नीचे टोचे होते, बारीक, एकसारखे, एकाशेजारी एक. असे टोचे सांगलीत एकच माणूस घालत होता. मी त्यांच्यावर बोटं फिरवली आणि खड्ड्यात तसाच गुडघे टेकून बसलो.

काकी मागं कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या उन्हाळ्यात इस्त्रीला हात लावला की मुंग्या यायला लागल्या. त्या पाटावर उभं राहून इस्त्री करायच्या. सुभेदारांनी दुकानाच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. कार्ड तुझ्या हातात पडलं असणार, मला तू ते दाखवलं नाहीस. चार दिवसांत तू इथं आलास. आधी इस्त्रीची खराब झालेली वायर बदललीस, मग हा खड्डा उकरलास आणि खडक फोडत बसलास. मुक्कामाला बाजारातल्या जैन मंदिरात जायचास. कांदा नको, बटाटा नको म्हणून त्या तुला ताक-भाकरी द्यायच्या, तीही ऊन असेतोवर. खणताना मातीतून मुंग्या निघाल्या तर त्या कागदावर घेऊन कुंपणापाशी सोडून यायचास, याचं त्यांना अजून हसू येत होतं. चूक कुणाची, असं सुभेदारांनी विचारलं तर तू म्हणालास, आमच्या दुकानाची.

मग तू गेल्याचं मी त्यांना सांगितलं. त्या खाली बसल्या. बराच वेळ पदरानं तोंड पुसत राहिल्या.

“जाताना मला सांगून गेलं हुतं,” त्या म्हणाल्या. “दत्तू येईल कवातरी पहार घिऊन. त्येला काय इचारू नका, अडवू नका. खणू द्या. आवं, दोन वरसं झाली, मी रोज हितं घागर वततीया आन् तुमची वाट बघतीया.”

तुझा राग आला मला, खरंच सांगतो. अशी कुणी माणसाची वाट बघतं का? चार माणसांत माझी गचांडी धरायची होतीस. दुकानातून हाकलायचं होतंस. एक शिवी दिली असतीस तर मी त्याच दिवशी सुटलो असतो. तू स्वतःचा खरेपणा मोडून माझ्याशी खोटं बोललास, देवाचं नाव घेऊन बोललास, आणि त्याची माफीही माझ्याकडंच मागितलीस. आणि मी ती हसून उडवून लावली. तीन उन्हाळे मी त्या बाईच्या मरणाच्या भीतीनं घाबरलो होतो, आणि त्यातले दोन उन्हाळे ती पाच फूट खोल तांब्यावर सुखरूप उभी होती. ते फक्त मला ठाऊक नव्हतं. तरी हेही सांगतो, की एका बाईचं मरण माझ्या कपाळी लागायचं होतं ते तू तुझ्या नखांनी खरवडून काढलंस. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मी खड्डा बुजवला. कोळसा होता तसा लावला, तू लावतोस तसा, थराथरानं. वर एक घागर ओतली. काकींनी भाकरी बांधून दिली. या खेपेला ती मी मोटारीत खाऊ शकलो नाही, घरी आणली.

आज क्षमावाणी. सकाळी लवकर अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून दुकान उघडलं. तू यायचास त्या वेळेला उठून दाराशी गेलो. समोरचा शिंपी बघत होता. त्याला वाटलं असेल, हा आता पुन्हा प्लग उघडायला येतोय. मी पायरीवरच उभा राहिलो, तू उभा राहायचास तिथं, आणि हात जोडले. त्याला ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

दोन फूट, भूपाल. पाच न्हाई. दिवा मी पाणी वतून लावला हुता. क्षमा कर, गड्या.